पणजीत वकिलाकडे इंटर्नशिप: दोन आठवडे नुसते पानांवर आकडे घालते आहे, सोडून देऊ का?

सत्तरीची_सावली

नमस्कार. मी सत्तरीतली. वाळपईहून आत गाव आहे. पाच वर्षांच्या एलएलबीचं चौथं वर्ष. पणजीत एका लॉ फर्ममध्ये चार आठवड्यांची इंटर्नशिप चालली आहे, दोन आठवडे झाले, दोन राहिले. फर्मचं नाव सांगणार नाही, कृपया विचारू नका.

सकाळी पावणेसातची कदंब, म्हणजे गोव्याची सरकारी बस. साखळीला अशी चेपून भरते की पुढे पणजीपर्यंत उभंच. काळा कोट पिशवीत घालून नेते, कारण मृग लागला त्या दिवशी भिजला तो तीन दिवस वाळला नाही आणि त्याचा कुबट वास बसमध्ये मलाच येत होता. साडेनऊला ऑफिस. संध्याकाळी घरी पोचायला आठ वाजतात.

आणि एवढं करून मी करते काय? पानांवर आकडे घालते. पहिल्या दिवशी ज्युनियर सरांनी तीनशे अठरा पानांचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, उजव्या कोपऱ्यात नंबर घाल. मी शहाणपणा करून पेनने घातले. १४० पर्यंत आल्यावर लक्षात आलं की ८७ दोनदा पडला आहे. मग व्हाइटनर लावून पुढचे सगळे बदलले. ते बघून सर काही बोलले नाहीत, नुसते हसले. ते हसणं ओरडण्यापेक्षा वाईट. त्यानंतर झेरॉक्स, तीन-तीन सेट, भोकं पाडणे, नाडा ओवणे, इंडेक्स टाइप करणे. कॉलेजच्या इंटर्नशिप डायरीत रोज काय लिहू? 'आज पान १ ते २०६'?

बरोबर आणखी दोन इंटर्न आहेत, दोघं बाहेरच्या राज्यातल्या युनिव्हर्सिटीतले. फाडफाड इंग्रजी. त्यांना रिसर्च मिळतो, सरांच्या केबिनमध्ये बोलावलं जातं. मला वाटतं माझं नावही तिथे कुणाला पाठ नाही, 'ती वाळपयची' म्हणतात. परवा रिसेप्शनवरच्या मॅडमनी हसत विचारलं, "तुजी ही कोंकणी काय मराठी गो?" आमच्या गावात दोन्ही एकत्रच बोलतात, मी काय सांगणार?

पैसे काही मिळत नाहीत. बसचे आणि दुपारच्या भाजी-पावाचे बाबा देतात, आणि यंदा काजू कमीच झाला.

हे असंच असतं का सगळीकडे? दुसरं काम मागितलं तर उद्धटपणा दिसेल का? की सरळ सोडून गावाजवळच्या एखाद्या वकिलाकडे उरलेले आठवडे पुरे करू? कॉलेजला एकूण वीस आठवडे दाखवायचे आहेत, माझे आधीचे बारा झालेत.

डिचोलीची_वकीलबाई

सावली, सोड किंवा सोडू नकोस यातलं काहीच लगेच सांगत नाही. आधी माझं पान ४१ ऐक. मोठं होईल, चहा घेऊन बस.

२०१७ साली मी तुझ्यासारखीच चौथ्या वर्षाला. मराठी शाळेतली. इंग्रजी वाचायला बरी, बोलताना जीभ जड. म्हापशात एका ज्येष्ठ वकिलांकडे जागा मिळाली. मूळचे सासष्टीचे, ख्रिश्चन, वय तेव्हा सत्तरीकडे झुकलेलं. पोर्तुगीज दस्तऐवज वर्तमानपत्रासारखे वाचायचे. कोंकणी रोमी लिपीत लिहायचे. देवनागरीतलं मात्र एक अक्षर येत नव्हतं. ऑफिस म्हणजे बाजारामागे पहिल्या माळ्यावरच्या दोन खोल्या. शुक्रवारी बाजार भरला की सुक्या मासळीचा वास जिन्याने वर चढायचा आणि सोमवारपर्यंत फायलींत राहायचा.

मला पहिलं काम तेच, नंबर घालायचं. फाईल इन्व्हेंटरीची होती. हे वाचणारे सगळेच गोव्यातले नसतील म्हणून थोडक्यात सांगते. आपल्याकडे घरातला माणूस वारला आणि वारसांना वाटणी करून घ्यायची असली की कोर्टात इन्व्हेंटरी करतात. घरातला एक जण 'कबेसा द काझाल' होतो, म्हणजे कुटुंबाचा कर्ता. तो शपथेवर सांगतो की वारस कोण कोण, मालमत्ता काय काय. मग सगळ्यांची बैठक होते. जमलं तर जमलं, नाहीतर लिसिटेशन, म्हणजे वारसांनी आपसातच बोली लावायची आणि ज्याच्या पदरात हिश्शापेक्षा जास्त पडलं त्याने बाकीच्यांना पैसे मोजायचे. मूळ सगळं १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतलं, ती गोव्यात १८७० पासून आहे. वारसा आणि इन्व्हेंटरीचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आला, तो लागू व्हायला २०१६ उजाडलं. म्हणजे मी गेले तेव्हा कायदा नवा, माणसं जुनी आणि कागद त्याहून जुने.

यातलं एक सूत्र तुला पाठ असेलच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोचं सगळं सामाईक. लग्नाआधीचं, नंतरचं, वडिलोपार्जितसुद्धा. अर्धं त्याचं, अर्धं तिचं. म्हणून गोव्यात भाऊ जमीन विकतो तेव्हा वहिनीची सही लागते आणि बहिणीच्या वाट्यासाठी तिच्या नवऱ्याची. एका पडक्या घराच्या विक्रीखतावर मी तेवीस सह्या बघितल्या आहेत. मलाही हे पाठ होतं. परीक्षेत चांगले मार्क होते.

तर अशील एक म्हातारे गृहस्थ. तालुका सांगत नाही, तपशीलही थोडे बदलले आहेत. गावात घर आणि ओढ्याकाठी थोडं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. वडील १९९१ साली गेले, आई त्यानंतर काही वर्षांनी. मृत्युपत्र वगैरे काही नाही. पाच भावंडं, हे सगळ्यांत थोरले. दुसऱ्या भावाचं नाव आलं तेव्हा ते म्हणाले, "तो २००९ साली वारला. निपुत्रिक. त्याचा प्रश्न नाही." मी फुलस्केपवर वंशवृक्ष काढला. पट्टीने रेघा मारून, तीन रंगांच्या पेनांनी. दुसऱ्या भावाच्या नावाखाली 'निपुत्रिक' लिहून तांबडी आडवी रेघ ओढली. त्या रेघेचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सर तो कागद घेऊन बसले. बराच वेळ गप्प. मग त्या तांबड्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "हाचें लग्न जाल्लें?"

मी म्हटलं, सर, मुलं नव्हती असं अशील म्हणाले.

"भुरगीं नांत म्हणून बायल ना?" म्हणजे, मुलं नाहीत म्हणून बायको नाही?

माझी बोलती बंद. मग त्यांनी फाईल उघडली आणि पान ४१ काढलं. निळं अंतर्देशीय पत्र. मीच ते घड्या सपाट करून प्लास्टिकच्या पाकिटात घातलं होतं, मीच कोपऱ्यात ४१ लिहिलं होतं, आणि इंडेक्समध्ये मीच टाइप केलं होतं: 'मराठी पत्र, तारीख अस्पष्ट.' सरांनी विचारलं, "हांगा कितें बरयलां?"

वाचलं नव्हतं. आकडा घालायला वाचावं कशाला लागतं?

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "ह्या ऑफिसांत मराठी वाचपी एकूच मनीस आसा. आनी तिणें ताचेर फकत नंबर घातला."

मग मी ते उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं. सावंतवाडीकडच्या एका गावाहून आलेलं, 'ती. भाऊजींस सा. न. वि. वि.' करून. बाई लिहिते, इकडे सर्व ठीक. पडवीचे पत्रे वाऱ्याने गेल्याचे कळले. कुळागरातले सुपारीचे पैसे मला नकोत, पण ह्यांचे नाव घरपट्टीवरून काढू नका, एवढी विनंती. खाली सही, नाव, आणि नावापुढे या घराचं आडनाव.

म्हणजे बायको होती, जिवंत होती, माहेरी राहत होती. लग्न गोव्यात झालेलं, नोंदणी केलेली, करार नाही. आईवडील गेल्यावर भावाच्या वाट्याला जो पाचवा हिस्सा आला त्यातला अर्धा तिचाच. उरलेला अर्धा मूल नसल्याने आणि आईवडील आधीच गेल्याने भावंडांकडे गेला असेल, पण तिचा अर्धा कुठे जाणार? अख्ख्या घरादाराच्या दहाव्या हिश्शाची मालकीण, आणि मी तिच्यावर तांबडी रेघ मारून मोकळी. तशीच वाटणी झाली असती आणि उद्या ती कोर्टात उभी राहिली असती, तर सगळं पहिल्यापासून.

थोरल्या भावाने लबाडी केली असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांना बोलावून विचारलं तर ओशाळून म्हणाले, "ती माहेरी गेली म्हणजे संपलं, असंच आम्ही धरून चाललो." पत्र मात्र त्यांनीच जपून ठेवलं होतं, फायलीत त्यांनीच आणून दिलं होतं.

तिला पुढे नोटीस गेली. ती भाच्याला घेऊन म्हापशाला आली, निळ्या काठाचं पांढरं लुगडं, हातात पिशवी. वकीलपत्रावर सही करताना तिने मला विचारलं की नाव माहेरचं लिहू की सासरचं. पुढे तिला काय मिळालं ते मला कळलं नाही. माझे चार आठवडे भरले होते.

तुला रिसर्च देत नाहीत म्हणून वाईट वाटतंय ते समजतं. पण तुझ्या हातात जी तीनशे अठरा पानं आहेत ती त्या दोघांच्या हातात नाहीत. मागायचंच असेल तर 'सर, काम द्या' म्हणून मागू नकोस. त्याला उत्तर 'हो, बघू' एवढंच मिळतं. फाईल वाच आणि एक गोष्ट घेऊन जा. या दाखल्यावरचं नाव आणि विक्रीखतावरचं नाव वेगळं आहे, किंवा या दोन तारखा जुळत नाहीत. चूक निघाली तरी चालेल. आपल्याकडच्या फायलींत हे भरपूर सापडतं. शंकर पोर्तुगीज जन्मनोंदीत 'एक्स'ने सुरू होतो, रेशनकार्डावर 'एस'ने, आणि प्रभू कुठे पोरोब असतो कुठे प्रभू. मग एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. मी अशा नावांच्या जोड्यांची एक वही केली होती. ती अजून ड्रॉवरमध्ये आहे, आणि आता माझी ज्युनियर ती वापरते.

दुसरं, डायरी. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तुला दोन खटले बसून बघायचे आहेत, एक दिवाणी, एक फौजदारी, शिवाय वकील अशिलाशी बोलतो तेव्हा दोनदा हजर राहून ते टिपायचं आहे. त्याला मार्क आहेत. हे सरांना सरळ सांग. कॉलेजला लागतं म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही. हा उद्धटपणा नव्हे.

आणि फाईलचे फोटो मोबाईलवर काढू नकोस, मैत्रिणीला दाखवायलासुद्धा. फर्मचं नाव लिहिलं नाहीस ते चांगलं केलंस.

कुडाळचा_पावणा

वकीलबाईंची गोष्ट छान आहे, पण मला थोडं खटकलं. अशा गोष्टी सांगूनच लोकांकडून फुकट कामं करून घेतात. ती मुलगी दिवसाचे साडेतीन तास बसमध्ये घालवते, तीन-तीन सेट झेरॉक्स काढते, नाडा ओवते. ते शिपायाचं काम आहे, त्याला पगार असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने ज्युनियर वकिलांना शहरात महिन्याला २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली. तीही शिफारसच, आणि इंटर्नचं त्यात नावच नाही. मी स्वतः गोव्यात शिकलो आणि दोन ठिकाणी इंटर्न होतो. एका ठिकाणी निदान बसभाडं मिळायचं, आणि तेही मी मागितलं म्हणून. सावली, निदान बसभाडं माग. लाजू नकोस. जे पान ४१ वाचायला लावतात त्यांनी पोटाचंही बघावं.

डिचोलीची_वकीलबाई

पावण्यानू, बरोबर आहे तुमचं. माझ्या सरांनीही पैसे दिले नव्हते. शेवटच्या दिवशी एक पेन दिलं आणि त्यांच्या बायकोने घरचा दोदोल. मी आज माझ्या इंटर्नना बसभाडं आणि जेवण देते, त्याहून जास्त परवडत नाही, हेही कबूल करते.

निवृत्त_कोर्ट_क्लार्क

बाय, तू ८७ दोनदा पडला म्हणून पुढचे सगळे नंबर खोडलेस? अगो, दुसऱ्या पानाला ८७-अ लिहायचं आणि इंडेक्सात तसं दाखवायचं. झालं. चौतीस वर्षं कोर्टात काढली, ८७-अ मुळे कोणाची केस पडलेली मी बघितली नाही. व्हाइटनर लावलेलं पान मात्र बघितल्याबरोबर समोरचा वकील विचारतो, खाली काय होतं. तुझे सर हसले ते त्यासाठी असतील.

आता नंबर का घालतात ते ऐक, कारण हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. जजसाहेब म्हणतात, "पान दोनशे अकरा." त्या क्षणी जजसाहेबांच्या, तुझ्या सरांच्या आणि समोरच्या वकिलाच्या हातातलं पान दोनशे अकरा एकच असलं पाहिजे. एकाकडे विक्रीखत आणि दुसऱ्याकडे त्याचा नकाशा निघाला की कुजबुज सुरू, पानं चाळणं सुरू, आणि तेवढ्यात दुसऱ्या केसचा पुकारा. गेली तारीख. अशी गेलेली तारीख पुन्हा दोन महिन्यांनी येते. अशील बिचारा पेडण्याहून येऊन बसलेला असतो.

आधी शिसपेन्सिलीने घालावे, तीनही सेट एकाला एक लावून बघावे, मग पेन. टाचण्या आणि स्टेपल पावसात गंजतात, जून ते ऑक्टोबर जुन्या कागदांना त्या लावूच नयेत, गंजाचं भोक पडतं. आणि फाईल कपाटात ठेवताना भिंतीला टेकवू नये. गोव्यातल्या भिंती पाणी पितात.

आणखी एक. खटला बघायला जाशील तेव्हा वकिलांकडे कमी बघ. साक्षीदाराकडे बघ, आणि साक्ष टाइप होते तिकडे कान दे. साक्षीदार बोलतो कोंकणीत नाहीतर मराठीत, रेकॉर्ड होतं इंग्रजीत, जजसाहेब सांगतील तसं. एका पेडण्याच्या साक्षीदाराने उलटतपासणीत सांगितलं, "परवापर्यंत गेट नव्हतं." त्याला म्हणायचं होतं हल्लीहल्लीपर्यंत. रेकॉर्डवर उतरलं दोन दिवसांपूर्वीपर्यंत. सुदैवाने त्याच्या वकिलाचं लक्ष होतं, तिथल्या तिथे उठून दुरुस्त करून घेतलं. लक्ष नसतं तर ते गेट दोन दिवसांचं झालं असतं.

तुझ्या ऑफिसात क्लार्क असेल. त्याच्याशी गोड राहा. वकील कायदा शिकवील, पण फायलिंगच्या खिडकीवर कागद परत का येतो ते क्लार्कच शिकवतो. कोर्ट फी कमी, वकीलपत्रावर स्टॅम्प नाही, प्रतिज्ञापत्रावर तारीख नाही. माझ्या खिडकीवरून मोठमोठ्या वकिलांचे कागद परत गेलेत, आणि इंटर्न पोरं ते घेऊन पळत जिना उतरताना मी बघितलीत. त्यातली दोन आज जज आहेत.

सत्तरीची_सावली

दहा दिवसांनी लिहिते आहे, सगळ्यांचे आभार.

पहिलं म्हणजे क्लार्कमामा, ८७-अ वाचून मला हसू आणि रडू एकदम आलं. पन्नासहून जास्त पानं खोडली, मामा!

बसभाडं मागितलं. अडखळत मागितलं, पण मागितलं. ज्युनियर सर म्हणाले, विचारतो. अजून विचारताहेत.

फाईल वाचायला लागले, पण माझं कुठलंही पान ४१ निघालं नाही. पहिल्या फायलीत दोन तारखा जुळत नव्हत्या म्हणून धावत सांगायला गेले तर एक बँकेच्या मेमोची होती आणि एक नोटीस पोचल्याची. जुळायच्या नव्हत्याच. चेक परत गेल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवायची, ती मिळाल्यावर १५ दिवस पैसे भरायला, आणि मग एका महिन्यात तक्रार, हे सरांनी तेव्हा तिथेच माझ्याकडून बोटांवर मोजून घेतलं. फजिती झाली, पण त्यांना माझं नाव कळलं.

डायरीचं सांगितल्यावर दोन दिवस कोर्टात पाठवलं. साक्षीदाराकडे बघितलं. म्हातारा दर प्रश्नाला आधी आपल्या मुलाकडे बघायचा, आणि जजसाहेबांनी मुलाला बाहेर बसायला सांगितल्यावर त्याची उत्तरं लांबली.

खरी गोष्ट पुढची. गेल्या बुधवारी ऑफिसात एक आजी आली, आमच्याच सत्तरीतली. मुंडकारीची केस. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून घर आहे, ते तिला आता आपल्या नावावर करून हवं आहे. त्या दोन इंटर्नपैकी एकाला सरांनी तिची माहिती लिहून घ्यायला बसवलं. तो इंग्रजीत विचारतो, रिसेप्शनवरच्या मॅडम पणजीच्या कोंकणीत सांगतात, आणि आजी तिसरंच काहीतरी सांगते. पाच मिनिटांनी मॅडमनीच दारातून हाक मारली, "ए वाळपयची, तूं ये मगे हांगा."

दीड तास बसले तिच्याजवळ. घर कोणी बांधलं विचारलं तर तिने आधी पावसाचं वर्ष सांगितलं, मग कोणाचा जन्म, मग कोणाचं लग्न. मी सगळं उतरवून घेतलं आणि रात्री घरी बसून सालांशी जुळवलं. जुनं रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव, पंचायतीचा घरनंबर, काय काय आहे ते एकेक करून पिशवीतून काढून घेतलं. तिचा घोव पंधरा वर्षांपूर्वी वारला. वकीलबाई, मुलींची नावं लिहिल्यावर जावयांचीही विचारून घेतली. आजी म्हणाली, "त्यांचा काय संबंध गो?" मी म्हटलं, असतो आजी.

१९७५ च्या मुंडकार कायद्याखाली घराभोवतीची किती जागा मिळते ते आता मला पाठ आहे. भिंतींपासून पाच मीटर, किंवा पंचायत भागात ३०० चौरस मीटर, यातलं जे जास्त असेल ते. आजीला मीटर कळत नाही. तिला एवढंच हवं आहे की मागचा फणस आत यायला पाहिजे. तो तिने लावला आहे.

उद्या वाळपईला मामलेदारांच्या ऑफिसातून पाहणी आहे. सरांनी मला सांगितलंय, तू थेट तिथेच ये, पणजीला येऊन परत जाऊ नकोस. म्हणजे उद्या पावणेसातची बस नाही. ऑफिसच्या क्लार्कमामांनी तीस मीटरची टेप दिली आहे, ती आत्ता टेबलावर आहे. पाऊस थांबला तर आधी फणसच मोजणार.